उडालेले छप्पर आणि वारी

वैष्णवजनहो, वैशाखात बोदवडकडे वावटळ उठली की घराचे नि सुताराच्या कारखान्याचे पत्रे कागदासारखे उडतात. मागे उरतो भिजलेला रंधा आणि उघडा संसार. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरीस निघते. मग मनात येते, वारी करावी की घर उभे करावे? त्यात कोणी म्हणतो, "तुझे पापच भोवले!"

असे बोलणाऱ्यास आम्ही विचारतो, शके १२१९ त, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, तापीतीरी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावली, अशी परंपरा आहे. तिचे कोणते पाप होते? वादळ पाप मोजीत नाही. उघड्या बाजूने वारा शिरतो, खालून पत्रा उचलतो, वरचा वारा त्याला ओढतो. तेव्हा वासा भिंतीशी आणि पत्रा वाशाशी पक्का जखडावा. देवाला बोल लावू नये.

नामदेवरायांची झोपडी देवाने शाकारली. शेजारीण विचारी, हा सुतार कोण, मजुरी काय घेतो? त्याची मजुरी प्रेमच, हे नामदेवांचे सांगणे शिखांच्या ग्रंथसाहेबातही आहे. देवाला ज्या कामाची लाज नाही, ती वारकऱ्यास का असावी? निघण्याआधी दोन दिवस शेजाऱ्याच्या वाशांना हात लावा. आणि ज्याचे घर अजून उघडेच आहे, त्याने खुशाल मागे राहावे, रंधा चालविता नाम घ्यावे. त्याची वारी चुकली असे आम्ही म्हणणार नाही. तुम्ही मात्र त्याचा नमस्कार विठोबास आठवणीने सांगा.

रामकृष्ण हरि!