चार स्टार मिळाले, म्हणून आवडलं?

सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि लोक जिना उतरायला लागतात. कसा वाटला, हे लगेच कुणी बोलत नाही. आधी मोबाइल बाहेर येतात. कुणी किती स्टार दिलेत, अमुक यूट्यूबर काय म्हणाला, हे पाहून झालं की मग हळूहळू मतं फुटतात. ‘हो ना, सेकंड हाफ जरा खेचलाय.’ अडीच तास डोळे आपलेच उघडे होते, तिकिटाचे पैसेही आपलेच होते. पण मतावर सही मात्र दुसऱ्याची लागते.

याच्या अगदी उलट वागणारेही खूप आहेत. ‘समीक्षक कोण लागून गेला? मला आवडलं, विषय संपला!’ हे ऐकायला फार स्वाभिमानी वाटतं. मला मात्र दोन्ही गटांत बसता येत नाही. आपल्याला काय आवडावं हे ठरवण्यात समीक्षकाचा हात असावा का, या प्रश्नाला माझ्याकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दाचं उत्तर नाही.

आधी दुसऱ्या गटाचं बोलू. ‘माझी आवड माझी’ म्हणताना आपण गृहीत धरतो की ती आतून, आपोआप उगवलेली आहे. २००६ साली अमेरिकेत मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून जास्त लोकांना त्यांनी इंटरनेटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काही जणांना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना ८ वेगळ्या ‘जगां’त विभागलं होतं आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय, हा आकडाही त्यांना दिसत होता. एवढ्या एका आकड्याने चित्र पालटलं. एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि तेच गाणं दुसऱ्या जगात ४०वं! खूप चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं नशीब आधीच्या लोकांनी काय केलं यावर ठरलं.

तिथे एकही समीक्षक नव्हता. तरीही आवड ‘स्वतंत्र’ राहिली नाही. म्हणजे समीक्षकाला दारातून हाकललं, तरी खिडकीतून व्ह्यूज, लाइक्स, ट्रेंडिंग रील आणि अल्गोरिदम आत येणारच. आपल्यावर कुणाचाच प्रभाव नसावा, हा पर्याय मुळात उपलब्धच नाही. मग कसला प्रभाव चालवून घ्यायचा, एवढंच आपल्या हातात उरतं.

स्टार आणि टक्के हा त्यातला सगळ्यात आळशी प्रभाव. ‘रॉटन टोमॅटोज’वर एखाद्या सिनेमाला ९५ टक्के दिसले की आपण समजतो, शंभरपैकी पंच्याण्णव मार्क. तसं नसतं. शंभरातल्या पंच्याण्णव समीक्षकांना तो एकंदरीत बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ असं वाटलं, तरी आकडा शंभरावर जाऊ शकतो. आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतलेला, निम्म्यांनी आपटलेला सिनेमा ५० टक्क्यांवर अडकून ‘सडका टोमॅटो’ ठरतो, कारण तिथे लाल टोमॅटो मिळायला ६० टक्के लागतात. हा आकडा भांडण लपवतो, आणि खरी मजा तर त्या भांडणातच असते.

मग समीक्षकाने द्यायचं काय? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’मधला एक किस्सा घेतलाय. दोन जणांना पिंपातली वाइन चाखायला बोलावतात. पहिला म्हणतो, ‘छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते.’ दुसरा म्हणतो, ‘छानच, पण जरा लोखंडाची चव येतेय.’ सगळे दोघांना हसतात. पुढे पिंप रिकामं होतं आणि तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

मला हा किस्सा आवडतो, कारण त्यात शेवटी किल्ली सापडते. त्या दोघांनी ‘आम्ही जाणकार, आमचं ऐका’ एवढंच म्हणून सोडलं असतं, तर त्यांच्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी पिंपात काय आहे ते सांगितलं, आणि ते कुणालाही तपासता आलं. चांगला समीक्षक हेच करतो. निकाल देऊन तो थांबत नाही, कुठे बघायचं ते दाखवतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. आणि ‘यात काही घडतच नाही राव’ असं म्हणणारे कितीतरी जण मला भेटलेत. पुरस्कारांची यादी वाचून दाखवली, तर त्यांचा कंटाळा एका मिनिटानेही कमी होणार नाही. उलट ‘आपल्यालाच कळत नाही वाटतं’ ही बोच तेवढी वाढेल.

पण कुणी एवढंच सांगितलं, की कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघ? तो बहुतेक वेळ लांब, एका जागी असतो. मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट बघत बसलेल्या माणसासारखा. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला. इतकी भयंकर गोष्ट, पण रडवणारं पार्श्वसंगीत नाही. कोर्टात सपाट आवाजात कलमं वाचणारी सरकारी वकील घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. खलनायक शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, आणि तरी सिनेमा संपत नाही. का संपत नसेल?

हा प्रश्न डोक्यात घेऊन पुन्हा बघणाऱ्याला तोच संथपणा वेगळा जाणवू शकतो. किंवा पुन्हा कंटाळाही येईल. पण तो कंटाळा आता त्याचा स्वतःचा असेल, बघून झाल्यानंतरचा.

आपल्याकडे अशा प्रेक्षकासाठी ‘सहृदय’ हा सुंदर शब्द आहे. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने सहृदयाबद्दल जे लिहिलं, त्याचा आशय असा: काव्याच्या सततच्या सरावाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय, तो सहृदय. यात दोन गोष्टी आल्या. आरसा घासावा लागतो, म्हणजे रसिकता शिकता येते. आणि आरसा तुमचाच असतो, म्हणजे तुमच्या वतीने दुसरा कुणी आनंद घेऊ शकत नाही. समीक्षक फार तर घासायला मदत करेल.

आता समीक्षकांच्या चुकांकडेही बघायला हवं, कारण त्यांचे आरसेही कुठे कुठे धुरकटलेले असतात. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडकेंचे सलग ९ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. ‘सोंगाड्या’ आला १९७१ साली. पण पांढरपेशा वर्तुळात त्यांचं नाव बराच काळ ‘चावट’, ‘द्वयर्थी’ या शेऱ्यांपलीकडे गेलं नाही. त्यांच्या विनोदावर टीका जरूर व्हावी. त्यातल्या बायकांचं काय होतं, हा प्रश्न आजही विचारायला हवा. पण लोकनाट्यातून आलेली हजरजबाबी भाषा, भोळ्या दिसणाऱ्या माणसाने शहाण्यांची उडवलेली भंबेरी, हे न बघता नुसतं नाक मुरडणं म्हणजे समीक्षा नव्हे. त्यात फक्त कोण कुठल्या घरातून आलंय तेवढं कळतं.

हेच आपण रोज एकमेकांशी करतो. होस्टेलवर कुणी आनंद शिंदेंचं गाणं मोठ्याने लावलं की ‘हे ऐकतोस तू?’ असं कुणीतरी म्हणतंच. दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा हेडफोन घालून ऐकायला लागतो. ‘डाउनमार्केट’, ‘क्रिंज’, ‘गिल्टी प्लेजर’ या शब्दांनी गाण्याबद्दल काहीच कळत नाही. ऐकणाऱ्याला त्याची जागा मात्र दाखवली जाते. अशा वेळी सरळ विचारावं: पिंपात किल्ली कुठाय, दाखव. गाण्यात नेमकं काय खटकतंय? सांगता आलं तर ऐकून घ्यावं, पटलं तर मत बदलावंही. सांगता आलं नाही, तर हेडफोन काढून टाकावा.

‘चांगलं आहे’ आणि ‘मला आवडतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे लक्षात ठेवलं तर बरंच ओझं उतरतं. एखादी कादंबरी थोर आहे हे मान्य करून ती मला भावली नाही असं म्हणता येतं. एखादा सिनेमा कच्चा आहे हे ठाऊक असूनही तो दहाव्यांदा बघता येतो. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, पुरावे देता येतात. दुसऱ्यावर कुणाची परवानगी लागत नाही.

माझ्यापुरता मी एक नियम केलाय. सिनेमा बघण्याआधी रिव्ह्यू वाचत नाही. बघून झाल्यावर, स्वतःची दोन-चार वाक्यं सुचल्यानंतर वाचतो. आणि मुद्दाम अशा समीक्षकांना वाचतो, ज्यांच्याशी माझं वारंवार वाजतं पण जे कारणं देतात. त्यांच्यामुळे माझी आवड फार क्वचित बदलते. पण मला दिसलंच नव्हतं असं काहीतरी दर वेळी हाती लागतं, आणि कधीकधी त्यासाठी मी तो सिनेमा पुन्हा लावतो.