चित्रातले गलबत कोणाचे?

सतराव्या शतकातील डच चित्रकार विलेम व्हॅन डी वेल्डे (१६११–१६९३) लहानशा होडीतून थेट आरमारी लढाईच्या परिघात शिरत असे आणि तोफा धडाडत असताना जहाजांची रेखाटने करीत असे. शिसपेन्सिलीच्या रेघा, त्यांवर करड्या शाईची पातळ छटा, एवढाच सरंजाम. परंतु डोलकाठ्या, दोरखंड, पिछाडीवरील कोरीवकाम हे सारे असे नेमके की, जाणकार त्यावरून जहाजाची ओळख पटवतात. १६७२-७३च्या हिवाळ्यात हाच गृहस्थ इंग्लंडला गेला आणि १६७४ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने त्याला व त्याच्या मुलाला प्रत्येकी शंभर पौंडांचा वार्षिक तनखा बांधून दिला. बापाने रेखाटावे, मुलाने रंगवावे, अशी वाटणी होती. कालपर्यंत ज्या जहाजांना तो शत्रूची म्हणून न्याहाळीत होता, ती आता धन्याची झाली. रेघेचा नेमकेपणा मात्र ढळला नाही. त्याची रेखाटने युरोपातील लिलावांत अधूनमधून येतात. हातोडा पडतो आणि कागदाचा मालक बदलतो. प्रश्न असा की, त्या कागदाबरोबर जहाजाचाही मालक बदलतो काय?

प्रश्न दूरदेशीचा वाटेल. तो तसा नाही. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून हस्तगत केलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर इंग्रजांचा तोफगोळा पडला, तेथून आग पसरली आणि गुराबे-गलबते एकामागून एक भस्म झाली. पुढे डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने तो प्रसंग रंगविला. त्या आरमाराचे 'दर्शन' आपल्याला घडते ते असे, जाळणाऱ्यांच्या बाजूने. समजा, एखाद्या प्रत्यक्षदर्शीने काढलेले आंग्र्यांच्या गुराबेचे रेखाटन उद्या लिलावात आले. आपण त्यावर हक्क सांगावा काय?

'आपण' हा शब्दही येथे सोपा नाही. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आमचे पेडणे ज्यांच्या राज्यात होते, त्या सावंतवाडीकर भोसल्यांचेही आंग्र्यांशी वैर होते. आज ज्या गुराबेसाठी आपला ऊर भरून यावा, तिच्या राखेत आपल्याच माणसांचा हात होता. वारसा सांगताना हेही सांगावे लागते.

आमच्या मते, येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली तलवारीची. नागपूरच्या रघूजी भोसले यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून परत आणली. तलवार एका वेळी एकाच घरात राहू शकते. ती तिकडे असली की इकडे नसते. म्हणून ती परत आणण्यात अर्थ आहे. दुसरी गोष्ट नावाची. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने आमच्या हळर्ण्याचा किल्ला घेतला आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला 'आलोर्नचा मार्किश' हा किताब मिळाला. आमच्या गावाचे नाव लिस्बनच्या एका घराण्याला जाऊन चिकटले. तरी शापोरा नदीकाठी हळर्णे हळर्णेच राहिले. नाव नेले तरी उणे होत नाही. तिसरी गोष्ट जळालेल्या जहाजाची. ते ना तेथे आहे, ना येथे.

रेखाटन या तिन्हींच्या मधोमध उभे आहे. कागद तलवारीसारखा, एकाच ठिकाणी राहणारा. तो आपल्याकडून लुटला गेला नसेल, चित्रकाराने स्वतःच्या शाईने काढला असेल, तर त्याच्या परतीची मागणी आपल्याला शोभत नाही. मात्र त्यात जे उतरले आहे ते नावासारखे आहे, कितीही जणांना दिले तरी न संपणारे. जहाज नष्ट झालेले असताना ते ज्ञान कागदाबरोबर तिजोरीत बंद करणे म्हणजे जहाज दुसऱ्यांदा बुडविणे होय. कायदा खरेदीदाराला हे करू देतो. नीती देत नाही. कागद त्याने सुखाने बाळगावा, पण अभ्यासकाला पाहू द्यावा, प्रतिमा काढू द्यावी. आपला हक्क मालकीचा नव्हे, दर्शनाचा आहे.

हा न्याय एकदा मान्य केला की तो आपल्यालाही लागू होतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कारागिरांनी फत्तेमाऱ्या बांधल्या त्या नजरेच्या अंदाजाने आणि हाताच्या सवयीने. आराखडा माणसाबरोबर गेला. डिचोलीच्या खाणींचे खनिज सारमानसच्या धक्क्यावरून मांडवीतून वाहून नेणाऱ्या बार्ज आपण आयुष्यभर पाहिल्या. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा त्या काठाला लागल्या. त्यांतली एक तरी कोणी बसून, मापे घेऊन रेखाटली काय? जी परकीय चित्रकाराने तोफांच्या माऱ्यात केली, ती गोष्ट आपल्याला फेरीबोटीच्या धक्क्यावर निवांत उभे राहूनही जमलेली नाही.

आणि आपल्या माड्यांवरच्या पेटाऱ्यांचे काय? पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांतून मोडी कागद, जमाखर्चाच्या चोपड्या, देवस्थानांच्या नोंदी आहेत. बंदरांची, नावांची, मालाच्या चढउताराची माहिती त्यांत निघेल. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ सालापासूनचे. राज्यकर्त्यांचा कागद तेथे जपला गेला. रयतेचा कागद मात्र घरातच राहिला, आणि घरात राहिलेला कागद वाळवीलाही ठाऊक असतो. लिलावातल्या धनिकाने तिजोरी उघडावी, असे आपण म्हणतो. मग कागद आपल्याच मालकीचा राहू द्यावा, पण त्याची प्रत करून अभ्यासकांच्या हाती द्यावी, एवढे आपल्याकडून व्हायला हवे. त्याला बोली लावावी लागत नाही. पेटाऱ्याची किल्ली शोधावी लागते.