सात तलावांच्या तक्त्याखालची ओळ

पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटा तक्ता रोज छापून येतो: सात तलावांची नावे, प्रत्येकाची पातळी, कालचा पाऊस आणि साठा किती टक्के. विहार आणि तुळशी हे दोन तलाव मुंबईतलेच, बाकीचे पाच दूर सह्याद्रीच्या अंगाला. त्यांतला तानसा १८९२ सालचा. भातसा धरण त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी उभे राहिले. ही दोन्ही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. सातही तलावांची मिळून क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास, आणि त्यातले ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर एकट्या भातसात मावते. म्हणजे महानगराच्या साठ्यातले जवळजवळ निम्मे पाणी एका तालुक्यातल्या एका धरणात आहे. असे असूनही रोज हा तक्ता वाचणाऱ्याला शहापूरबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तलाव कुठल्या गावाच्या शिवारात आहे, त्या गावाच्या विहिरीत पाणी किती, हे रकाने तक्त्यात नसतात. गावातले पाणी जलवाहिनीतून शहराकडे जाते आणि बातमीही त्याच वाटेने जाते. शहराला जेवढी लागते तेवढी उचलली जाते आणि बाकीची जागच्या जागी जिरते.

एरवी शहापूर आणि त्याच्या शेजारचा मुरबाड हे तालुके शहराच्या पानांवर दिसतात ते दुर्घटनेच्या किंवा सहलीच्या निमित्ताने. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर सरळांब्याजवळ गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचे प्राण गेले, तेव्हा शहापूर देशभर पोचले. माळशेज घाटातल्या धबधब्यांवर गर्दी झाली किंवा तिथे जमावबंदी लागली की मुरबाडचे नाव छापून येते. या बातम्या खऱ्याच आहेत आणि त्या यायलाच हव्यात. पण त्यांतून उभे राहणारे चित्र अपुरे आहे आणि त्याचा तोटा दोन्ही बाजूंना होतो. शहराला ज्याच्या आधारावर ते जगते त्याचीच ओळख होत नाही. तालुक्याचा तोटा याहून मोठा आहे. जे घडले त्याची तारीखवार, नावानिशी नोंदच झाली नाही तर पुढे हक्क मागताना हातात पुरावा राहत नाही. स्थानिक बातमी ही आधी साक्ष असते, आणि करमणूक किंवा माहिती म्हणून तिची जी काही किंमत असेल ती त्यानंतरची.

पाण्याचेच पाहू. धरणांच्या तालुक्यात होळीनंतर टँकर का धावतात, या प्रश्नाला 'मुंबईने पाणी पळवले' एवढेच उत्तर पुरत नाही. कसाऱ्याकडचे अनेक पाडे डोंगरावर आहेत आणि धरणे खाली दरीत. पाऊस इथे भरपूर पडतो, पण काळा पाषाण तो फारसा मुरू देत नाही, आणि दिवाळीपर्यंत खळाळणारे ओढे फाल्गुनात कोरडे पडतात. खालच्या धरणातून पाणी वर चढवायचे तर पंप, वीज आणि देखभाल आली. म्हणूनच भातसा आणि तानसा उशाशी असताना शहापूरच्या गावांसाठी थेट नाशिक जिल्ह्यातल्या, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखावी लागली. एवढी साधी भौगोलिक गोष्ट ठाऊक असलेला वाचक मुंबईत किती सापडेल? ती सांगायला एखाद्या वार्ताहराने वैशाखात दोन-चार पाडे चढावे लागतात, पंचायत समितीत बसून टँकरच्या खेपांची नोंदवही चाळावी लागते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावे लागते. हे काम कठीण नाही, पण ते नेमाने करावे लागते. आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

स्थानिक घडामोड म्हणजे किरकोळ घडामोड, अशी एक समजूत या दुर्लक्षाच्या मुळाशी आहे. मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा पाहिली की ती टिकत नाही. पौष पौर्णिमेला म्हसोबाची ही यात्रा भरते आणि कित्येक दिवस चालते. नवस फेडणारे भाविक येतात, घाटावरून घोंगड्यांचे व्यापारी उतरतात, शेतीची अवजारे मांडली जातात. सगळ्यात मोठा असतो तो जनावरांचा बाजार. बातमी येते ती बहुधा 'लाखो भाविकांची उपस्थिती' या मथळ्याखाली, आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात हा बाजार म्हणजे उत्तर कोकणाच्या शेतीचा वार्षिक ताळेबंद असतो. बैलजोडी किती रुपयांना गेली, किती जोड्या विकल्या न जाता परत गेल्या, भाताच्या खाचरात पॉवर टिलर आल्यावर खोंड कोण घेतो, २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आल्यावर म्हातारे जनावर शेतकरी कुठे नेतो, २०२२ मध्ये लम्पी रोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद पडले तेव्हा हंगामासाठी पैसा कुठून उभा राहिला, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या मैदानावर हिंडताना मिळू शकते. दरवर्षी भरणारी गोष्ट दरवर्षी नोंदवली तर वीस वर्षांत जो दस्तऐवज तयार होईल, तो कुठल्याही सरकारी पाहणीला मागे टाकेल. यात्रेचा फोटो दरवर्षी छापला जातो, पण जनावरांचे भाव कुठेच जमा होत नाहीत.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. वर्तमानपत्र जाहिरातीवर चालते, जाहिरातदार आणि वाचक शहरात असतात, मग पाड्यावरच्या बातमीचा खर्च कोणी करायचा? आक्षेप खोटा नाही. पण गावातून पत्र चालतच नाही असे म्हणायला महाराष्ट्राच्या इतिहासाचा आधार मिळत नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केले आणि पुढे तरवडीहून ते १९६७ पर्यंत चालवले. शेतकऱ्याचे कर्ज, सावकारी आणि जातीचा जाच हे त्या पत्राचे विषय होते आणि वाचकही तोच शेतकरी होता. आज मुरबाडपासून कल्याण तासा-दीड तासावर आहे आणि कसाऱ्याला लोकल जाते. अडचण अंतराची राहिलेली नाही. वार्ताहराला मानधन किती द्यायचे आणि त्याच्याकडून बातमीची अपेक्षा करायची की जाहिरातीची, हे ठरवणाऱ्यांच्या मनात आहे ती.

दुसरा आक्षेप अधिक आजचा आहे: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि यूट्यूब वाहिन्यांवर घडलेले क्षणात कळते, मग छापील नोंदीचा आग्रह कशाला? या माध्यमांचे मोल मोठे आहे. वाहून गेलेला साकव, बंद पडलेली एस.टी., डॉक्टर नसलेले आरोग्य केंद्र हे त्यांच्यामुळे लगेच दिसते. पण या गटांवर सर्वाधिक जागा खातात वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भूमिपूजनाची छायाचित्रे. भूमिपूजन झालेल्या कामाचे वर्षभराने काय झाले, हे विचारायला तिथे कोणी थांबत नाही. आठवड्यापूर्वीचा मजकूर खाली दबतो आणि फोन बदलला की नाहीसा होतो. शिवाय ज्याची सगळ्यात जास्त नोंद व्हायला हवी, तो माणूस त्या गटात नसतो. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर गेलेला कातकरी पावसाच्या तोंडावर परततो. मधल्या सहा-सात महिन्यांत त्याच्या मुलांची शाळा, त्याचे रेशन आणि त्याच्या उचलीचा हिशेब यांचे काय झाले, हे तो स्वतः कुठल्या गटावर टाकणार नाही. त्याच्याकडे कोणीतरी चालतच जायला हवे.

नोंदीला साक्षीचे बळ असते हे काळू धरणाच्या प्रकरणात दिसले. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर महानगरासाठी धरण बांधायला २०११ मध्ये सुरुवात झाली, तीही वनखात्याची मंजुरी हातात नसताना. बाधित गावांच्या ग्रामसभांनी धरणाविरोधात ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. मंजुरी नसल्याचा मुद्दा कायद्याचा होता, पण लोकांची संमती नव्हती हे ग्रामसभेच्या वहीत तारीख घालून लिहिलेले होते. आपल्या व्यवस्थेत ग्रामसभा ही सर्वात खालच्या पातळीवरची आणि तरीही सर्वात मोठी घटना आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्य नियमांनी तिथल्या ग्रामसभेला जमीन, पाणी आणि गौण वनोपजावर विशेष अधिकार दिले आहेत, आणि पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. अशा सभेचा वृत्तान्त मात्र क्वचितच कुठे वाचायला मिळतो. नगरसेवकांच्या गोंधळाला अर्धे पान मिळते आणि हजार एकरांचे भवितव्य ठरवणारी सभा बाहेर कोणाला कळतही नाही. महानगराची तहान वाढेल तशी काळूची चर्चा पुन्हा होणार. त्या वेळी ही गावे काय म्हणाली होती, हे वहीबाहेर किती जणांना आठवेल?

कोणी म्हणेल, चांगल्या गोष्टीची दखल घेतली जातेच. मुरबाडमधल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गुलाबी लुगड्यांतल्या साठीपुढच्या विद्यार्थिनी जगभरच्या कॅमेऱ्यांनी टिपल्या. ते कौतुक रास्त होते, आणि त्या बायांनी स्वतःची सही करण्यात जो मान मिळवला तो खराच आहे. मला खटकते ते एवढेच, की आजीच्या पाटीवरचे अक्षर पाहायला आलेल्यांतून तिला शाळा साठीनंतर का मिळाली, हे विचारणारे थोडे होते. अपवादाचे चित्र काढणे सोपे असते. आसपासच्या पाड्यांवरच्या मुली आज कोणत्या इयत्तेत शाळा सोडतात, ही बातमी त्याच रस्त्यावर उभी होती.

हे सगळे बदलायला नवे वर्तमानपत्र काढण्याची वाट पाहायला नको. सुरुवात त्या तक्त्यापासूनच करता येईल. उन्हाळ्यात कोणत्या गावाला, कोणत्या पाड्याला किती टँकर गेले, याची नोंद तालुक्याच्या कार्यालयात होतच असते. तलावांचे टक्के छापताना त्याखाली एक ओळ वाढवावी: आज शहापूर तालुक्यात इतक्या पाड्यांना टँकरचे पाणी. मार्चपासून पहिला पाऊस येईपर्यंत, रोज, भातसाच्या आकड्याला लागून.