कोणतं मरण टळतं?

'श्री गजानन विजय' या दासगणू महाराजांच्या २१ अध्यायांच्या पोथीचं पारायण शेगाव परिसरात घरोघरी चालतं. तिसऱ्या अध्यायातली जानराव देशमुखांची गोष्ट भाविकांना तोंडपाठ असते: वैद्यांनी हात टेकले, तेव्हा गजानन महाराजांचं चरणतीर्थ पाजलं आणि देशमुख वाचले. त्याच अध्यायात दासगणूंनी मरणाचे तीन प्रकार सांगितलेत, तिकडे मात्र वाचणाऱ्याचं लक्ष कमी जातं. आध्यात्मिक मरण कोणालाच टळत नाही. आधिदैविक मरण नवसासायासाने टळतं. आणि कुपथ्याने, रोगाने येणारं आधिभौतिक मरण औषधाने टाळता येतं.

रक्ताच्या कर्करोगात ही विभागणी फार कामाची आहे.

केमो लागू पडली की कर्कपेशी एकदम मरतात. त्यांच्या गाभ्यातलं प्युरिन रक्तात उतरतं, त्याचं युरिक अ‍ॅसिड होतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्याचे स्फटिक अडकतात. लघवी कमी होते. सोबत पोटॅशियम वाढलं तर हृदयही थांबू शकतं. गाठ विरघळत असताना माणूस जातो, आणि घरचे म्हणतात, प्रारब्ध!

हे प्रारब्ध नव्हे, औषधाने टळणारं आधिभौतिक मरण आहे. केमोच्या एक-दोन दिवस आधीपासून भरपूर सलाइन आणि अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी दिली, तर हा धोका बराच कमी होतो. ही गोळी घडवणाऱ्यांतल्या गर्ट्रूड एलियन १५ वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले. त्या दुःखातूनच त्या संशोधनाकडे वळल्या. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. धोका मोठा असेल तर रासब्युरिकेजचं इंजेक्शन देतात. युरिक अ‍ॅसिड मोडणारं विकर माणसाने उत्क्रांतीत गमावलं, त्याची उणीव हे औषध भरून काढतं. मात्र जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्याला ते चालत नाही, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न आणखी नाजूक आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट आणि मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड जुनी. इथला रुग्ण नागपूरला किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात पोचतो, तेव्हा मूत्रपिंडाचं काम दाखवणारं त्याचं क्रिएटिनीन आधी पाहणं अगत्याचं.

केमोच्या दिवसांतही गुरुवारचा निर्जळी उपास धरणारी माणसंही असतात. त्यांच्या श्रद्धेला हसण्याचं कारण नाही, पण त्या दिवसांत पाणी हेच औषध असतं. उशाशी पोथी आणि खाटेखाली लघवी मोजायचं भांडं, दोन्ही एका वॉर्डात सुखाने नांदतात. रात्री दोन वाजता उठून वहीत 'दीडशे मिली' असं लिहिणाऱ्या मुलाची सेवा पारायणापेक्षा कमी का मानावी?

आणि शेगावहून बाटलीत आणलेलं तीर्थ? केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तेव्हा न उकळलेलं पाणी पोटात जाऊ देऊ नये. ते कपाळाला लावावं.