तळहातांची लाली

सकाळी उठल्यावर अंथरुणातच दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. आजी ती नातवंडांना लावते, सोबत श्लोकही शिकवते. मात्र त्या क्षणी नजर हातांवर असली, तरी मन श्लोकात असतं. आज जरा हातांकडेच बघू या.

हात पाहणारा ज्योतिषी अंगठ्याखालच्या मांसल भागाला शुक्राचा उंचवटा म्हणतो आणि त्याच्या समोरच्या, करंगळीखालून मनगटाकडे उतरणाऱ्या भागाला चंद्राचा. पोट तपासण्याआधी रुग्णाचा हात हातात घेणारा डॉक्टरही याच दोन जागा न्याहाळतो, कारण शरीरातल्या काही बिघाडांची लाली तिथे उमटते. मधला खळगा बहुधा नेहमीच्या रंगाचा राहतो. लाली दोन्ही हातांना सारखीच असते, कधी बोटांच्या पेरांपर्यंत जाते. दाबलं की रंग जातो, बोट उचललं की लगेच परततो. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यांत जास्त रक्त भरलेलं असतं, त्याचा तो रंग. मिरच्या कांडून किंवा भांड्यांच्या साबणाने हात लाल झाले, तर आग होते, कातडी खरखरीत होते. इथे तसं काही नसतं. हात थोडे उबदार लागतात, इतकंच. त्यामुळे ही लाली महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आली तर तिचं कौतुक होतं. लाल तळवे म्हणजे अंगात रक्त भरपूर, अशी आपल्याकडची समजूत!

लिव्हरशी हिचा संबंध जुना आणि महत्त्वाचा. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुरुषांच्या शरीरातही थोडं असतं आणि ते निकामी करून बाहेर टाकण्याचं काम लिव्हर करतं. सिऱ्हॉसिसमध्ये लिव्हर कडक आणि गाठाळ होत जातं, हे काम मागे पडतं, संप्रेरकांचा तोल ढळतो आणि तळव्यांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, असं मानलं जातं. सिऱ्हॉसिसच्या साधारण चार रुग्णांपैकी एकाचे तळवे असे लाल दिसतात. जोडीला छातीवर, मानेवर किंवा चेहऱ्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा फुटलेला लाल ठिपका दिसला, तर संशय बळावतो. त्या ठिपक्याच्या मधोमध पेनाचं टोक दाबलं की सगळे पाय नाहीसे होतात, सोडलं की मधून बाहेरच्या बाजूला पुन्हा भरत जातात. लिव्हर फार सोसतं. कावीळ दिसेपर्यंत किंवा पोटात पाणी होईपर्यंत पुष्कळांना त्रासच जाणवत नाही, म्हणून हातावरची एवढीशी खूणसुद्धा मोलाची वाटते.

आणि हीच लाली गरोदर बाईच्या हातावर दिसली तर? बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलंच असतं, कितीतरी जणींचे तळवे त्या महिन्यांत लाल होतात आणि बाळंतपणानंतर आपोआप पूर्ववत होतात. शेवटच्या महिन्यांत मात्र तळहात-तळपायांना खाज सुटली, पुरळ नसताना रात्री झोप येईना, तर ‘उष्णता झाली’ म्हणून खोबरेल तेल चोळत बसू नये. पित्ताचा प्रवाह अडल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्याचा धोका बाळाला असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

सांध्यांच्या आमवातात, थायरॉईड जास्त काम करू लागल्यावर, काही औषधांनी, अशीही ही लाली येते. काही घराण्यांत ती जन्मापासूनच असते आणि तिचा काही त्रास नसतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जॉन एडवर्ड लेन यांनी 1929 साली तशी नोंद केली. म्हणजे रंग एकच, पण हात कोणाचा, वय काय, अंगात आणखी काय चाललंय, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मोबाईलवर फोटो पाठवून ‘हे काय असेल?’ विचारणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं. तो हात कोणीतरी हातात घ्यायला हवा, दाबून बघायला हवा, चार प्रश्न विचारायला हवेत.

त्यातही काहींचे हात कमी बघितले जातात, याचं मला वाईट वाटतं. सावळ्या वर्णावर ही लाली चटकन दिसत नाही. कोयत्याने, खोऱ्याने घट्टे पडलेल्या तळव्यांवर ती हरवते, मेंदीखाली तर पूर्ण झाकते. अशा हातांसाठी उजेडात, थोडं जास्त थांबून बघावं लागतं.

शिवाय एक वाक्य घरोघरी ऐकू येतं : ‘आमच्याकडे कोणी घेत नाही, लिव्हरला काय होणार?’ दारू हे मोठं कारण खरंच, पण हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप राहून लिव्हर खराब करतात. मधुमेह आणि सुटलेलं पोट यांच्यासोबत लिव्हरमध्ये चरबी साठते, तीही काहींना सिऱ्हॉसिसपर्यंत नेते. ज्यांना मधुमेह आहे, घरात कोणाला जुनी कावीळ किंवा हिपॅटायटिस बी आहे, आणि तळव्यांवर नव्याने अशी लाली आली आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला ती आपणहून दाखवावी. पहिल्या पायरीला रक्ताच्या काही चाचण्या आणि पोटाची सोनोग्राफी पुरते. लिव्हर पुरतं आक्रसण्याआधी कारण सापडलं, तर दारू सोडून, औषध घेऊन किंवा वजन उतरवून ते बरंचसं सावरतं.