लेंकरांच्या चालीनें

एक प्रश्न असा आहे कीं, तो तत्त्वज्ञान्यांच्या ग्रंथांत फारसा आढळत नाहीं, परंतु प्रत्येक घरांत नित्य उभा राहतो. एका वाटेनें चाललेल्या माणसांत एक बळकट व एक अशक्त असेल, तर दोघांनीं कोणाच्या चालीनें चालावें? बळकटानें आपली चाल आंवरावी, हें बहुतेकांस मान्य असतें. परंतु असें करणें हा त्याचा उपकार आहे, कीं तें त्याचें ऋण आहे, कीं ह्या दोहोंहून निराळेंच कांहीं आहे, ह्याविषयीं आपलीं मनें स्वच्छ नसतात. म्हणूनच पुष्कळ घरांत थांबणारा कुरकुरतो आणि ज्याच्यासाठीं थांबावयाचें तो ओशाळतो.

वाचकहो, ह्या प्रश्नाचा विचार करण्याकरितां मी आपणांस एका दूरच्या डोंगरवाटेवर नेतों. पॅसिफिक महासागरांत हवाई नांवाचीं बेटें आहेत. ज्या अमेरिकन बोर्डाचे सेवक १८१३ सालीं मुंबईस येऊन राहिले, त्याच बोर्डाचे सेवक १८२० सालीं त्या बेटांतही पोंचले. तेव्हां तेथील मंडळ्या आपलीं दूरचीं भावंडेंच म्हणावयाचीं. त्या बेटांपैकीं काउआई ह्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यास ना पाली असें नांव आहे. तेथील भाषेंत पाली म्हणजे कडा, आणि नांव अगदीं यथार्थ आहे. डोंगराचे कडे सरळ समुद्रांत उतरलेले आहेत, व गाडीरस्ता ह्या कड्यांपाशीं येऊन संपतो. पुढें आहे ती पायवाट. कलालाऊच्या खोऱ्यापर्यंत ती ११ मैल जाते. पण एका दिवसाच्या सहलीस येणारीं कुटुंबें पहिले २ मैल चालून हानाकापिआई नांवाच्या ओढ्यापर्यंत जातात आणि सायंकाळच्या आंत परततात.

२ मैल म्हणजे काय, असें आपल्यापैकीं कोणी म्हणेल. आपण तर बाजारास ह्याच्या दुप्पट जातों. परंतु ही वाट चढउताराची, दगडधोंड्यांची व झाडांच्या मुळ्यांची आहे, आणि पाऊस पडला म्हणजे तेथील तांबडी माती लोण्यासारखी निसरडी होते. अशा वाटेवर बहुधा असें घडतें. बाप व थोरला मुलगा झपाट्यानें पुढें जातात, वळणावरच्या दगडावर बसतात, पाणी पितात व मागच्यांची वाट पाहतात. धाकटें मूल व आजी धापा टाकीत तेथवर पोंचतात, तोंच बाप उठून म्हणतो, “चला, पुष्कळ विसावा झाला.” विसावा झाला खरा, पण ज्यांस त्याची गरज नव्हती त्यांचा झाला. आपण त्यांच्याकरितां थांबलों असें बापास मनापासून वाटतें, आणि त्यांनीं त्याचें नांव काढावें अशीही त्याची इच्छा असते. हा बाप कांहीं दुष्ट नव्हे. आपल्या मंडळीच्या पंचांतही मीं त्याला पुष्कळदां पाहिलें आहे.

परंतु खरी कसोटी ओढ्यापाशीं लागते. काउआईचा माथा जगांतील अतिशय पावसाच्या ठिकाणांपैकीं एक आहे. वाइआलेआले ह्या शिखरावर वर्षांत सरासरी ९,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. समुद्राकांठीं ऊन असतां वर माथ्यावर मेघ फुटतो, आणि घोटाभर पाण्याचा ओढा थोड्याच मिनिटांत गढूळ होऊन गर्जूं लागतो. आपल्या घाटांतले ओढे ज्यांनीं आषाढांत पाहिले आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. एप्रिल २०१४ मध्यें असाच लोंढा आला व १२१ माणसें पलीकडे अडकून पडलीं. त्यांस सोडवून आणावें लागलें. एप्रिल २०१८ मध्यें त्याच किनाऱ्याजवळ वाइपा येथें २४ तासांत ४९.६९ इंच पाऊस पडला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका दिवसांत इतका पाऊस तोंपर्यंत कधींही मोजला गेला नव्हता. त्यानंतर ही वाट वर्षभराहून अधिक काळ बंद होती, आणि जून २०१९ मध्यें उघडली तेव्हां दिवसाला ९०० माणसांची मर्यादा घालण्यांत आली. ओढ्याच्या मुखाशीं वाळूचा सुंदर किनारा आहे. तेथें एक लांकडी पाटी लावलेली असे. समुद्रांत बुडून मेलेल्यांच्या संख्येइतक्या रेघा कोणीं कोणीं तिजवर ओढलेल्या होत्या.

आतां तो बाप ओढ्याच्या कांठीं उभा आहे असें समजा. पाणी चढत आहे. पलीकडचा कांठ पंधरा पावलांवर दिसतो. दोन तरुण त्याच्यादेखत हातांत हात घालून पार जातात. तो मनाशीं म्हणतो, इतके आलों, आतां एवढ्यासाठीं कां फिरावें? तो काठीनें पाणी मोजतो, पण मोजतो स्वतःच्या पायावर. त्याला जें पाणी मांडीइतकें, तेंच सहा वर्षांच्या मुलाच्या छातीइतकें. ज्यानें सकाळपासून विसावाही स्वतःच्याच थकव्यानें मोजला, त्यानें सायंकाळीं पाणी मुलाच्या उंचीनें मोजावें अशी आशा कशी करावी? वळणावरची लहानशी चूक व ओढ्यांतला मृत्यु हीं एकाच मापाचीं आहेत, असें मला वाटतें. जो बाप आपलें थांबणें हा उपकार समजतो, त्याचा उपकार संपण्याची वेळ कधींतरी येतेच. आणि ती बहुधा अशाच ठिकाणीं येते.

याकोब व एसाव पुष्कळ वर्षांनीं भेटले, तेव्हां एसाव चारशें माणसांसह बरोबर चालण्यास तयार होता. याकोबानें नम्रपणें नाकारिलें. लेंकरें सुकुमार आहेत, जनावरें दूध पाजणारीं आहेत, एक दिवस अधिक हांकलें तर कळप मरेल, तेव्हां मी त्यांच्या चालीनें मागून येईन, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ होता. ह्यांत थोडें चातुर्यही होतें, कारण पुढें तो सेईरास गेलाच नाहीं. पण कळपाविषयीं तो जें बोलला तें मेंढपाळाचें खरें ज्ञान होतें. लेंकरांवर आपण उपकार करितों असें तो कोठें म्हणाला नाहीं. ज्याचा कळप आहे, त्याची चाल ती कळपाचीच चाल. त्याला दुसरी चाल उरलेली नसते.

ह्यावर एक आक्षेप येईल. अशक्ताबरोबर चालावें, पण कोठवर? ह्याचें उत्तर मला त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाच्या इतिहासांत दिसतें. कलालाऊच्या खोऱ्यांत, १८९३ च्या सुमारास, कोओलाऊ नांवाचा मनुष्य, त्याची बायको पीइलानी व त्यांचा लहान मुलगा असें एक कुटुंब लपून राहिलें होतें. बाप व मुलगा ह्यांस कुष्ठरोग होता. १८६५ च्या कायद्यानें अशा रोग्यांस घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावर पाठवीत. बायकोस बरोबर येऊं द्याल तर येतों, असें कोओलाऊचें म्हणणें होतें. तें मान्य झालें नाहीं. तेव्हां तें कुटुंब डोंगरमाथ्यावरून अवघड कड्यानें ह्या खोऱ्यांत उतरलें. २७ जून १८९३ रोजीं पकडावयास आलेल्या स्टोल्झ नांवाच्या अंमलदारास कोओलाऊनें गोळी घालून मारिलें. ह्या हत्येचें समर्थन मी करीत नाहीं. तो अंमलदार हुकुमाचा ताबेदार होता. पुढें शिपाई तोफ घेऊन आले, तरी कुटुंब हातीं लागलें नाहीं. त्या काळीं ह्या रोगावर खरें औषध नव्हतें, म्हणून कायदा करणारांस क्रूर म्हणण्याचेंही मला धाडस होत नाहीं. तो नियम १९६९ सालीं रद्द झाला. मला पाहावयाचें आहे तें पीइलानीकडे.

तिला रोग नव्हता. ती मागें राहिली असती तर तिला कोणीं बोल लाविला नसता. कायद्याची तर तीच आज्ञा होती. आणि ओढ्यावरच्या बापाशीं तिची तुलना करून पाहा. दोघांनींही जीव धोक्यांत घातला. परंतु त्यानें आपल्या हौसेच्या ठिकाणाकडे अशक्तांस ओढिलें. ती मात्र, जेथें अशक्तांस जाणें भाग पडलें, तेथें त्यांच्या पावलांनीं गेली. सुमारे तीन वर्षें ते लपून राहिले. प्रथम मुलगा वारला, नंतर नवरा. दोघांसही तिनें त्या खोऱ्यांतच पुरिलें, आणि मग एकटी डोंगर चढून आपल्या माणसांत परत आली.

१९०६ सालीं तिनें सांगितलेली ही हकीगत तिच्याच भाषेंत छापून प्रसिद्ध झाली, आणि १९१४ सालीं ती वारली. सहलीस येणारीं कुटुंबें हानाकापिआईच्या ओढ्यापासून माघारीं फिरतात. तें खोरें तेथून आणखी ९ मैलांवर आहे.