अनुदानाचा हिशेब कोणाला?

ग्रामीण आरोग्यसेवेच्या अनुदानाविषयी आपल्या मंडळ्यांत व संस्थांत बोलणे निघाले, की पहिला प्रश्न बहुधा रकमेचा असतो. किती मिळाले, कोठून मिळाले, पुढील वर्षी मिळेल काय? हे प्रश्न व्यवहाराचे आहेत; ते टाळता येत नाहीत. परंतु त्यांच्यामागे एक नैतिक प्रश्न उभा असतो. ज्या गावासाठी हा पैसा आला, ते गाव केवळ घेणारे आहे, की त्या कार्यातील भागीदार?

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत प्रेषित पौल यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी चाललेल्या वर्गणीविषयी लिहितो. देवाची कृपा, माणसाने दिलेली देणगी आणि देवाची उपकारस्तुती या तिन्हींसाठी तेथे ‘खारिस’ हा एकच ग्रीक शब्द येतो. मराठीत त्यासाठी तीन शब्द योजावे लागतात आणि अर्थाचा सलग धागा तुटतो. मुळात मात्र तो अखंड आहे: दान देणाऱ्यापासून सुरू होत नाही आणि घेणाऱ्यापाशी संपत नाही. त्याच वर्गणीला पौल ‘कोइनोनिया’, म्हणजे सहभागिता, असेही म्हणतो. आणि तिचा हेतू सांगताना ‘इसोतेस’, म्हणजे समता, हा शब्द वापरतो. आज एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची उणीव भरावी, उद्या दुसऱ्याच्या विपुलतेतून पहिल्याची. घेणारा कायमचा घेणारा राहावा, हे त्याला मान्य नाही.

या विचाराचे एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. परदेशातील ख्रिस्ती संस्थांचे साहाय्य त्यांनाही लाभले. परंतु गावकऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांची पहिली गरज औषध नव्हे, तर अन्न व पाणी निघाली. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाण्यासाठी इतरांना तेथे यावे लागले. गावातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्यात आले. बाहेरचा पैसा आला खरा. परंतु ज्ञान गावातच राहिले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये प्रभूमध्ये निजले, तरी त्यांनी लावलेले काम थांबले नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. तापाने फणफणलेले मूल ग्रामसभेच्या निर्णयाची वाट पाहू शकत नाही. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी मनुष्याचे मत विचारले नाही. उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च परत येताना फेडण्याचे वचन दिले. हे खरे आहे, आणि संकटसमयी असेच करावे. परंतु तो मनुष्य अर्धमेला पडला होता. गाव तसे नसते. शुद्धीवर असलेल्या माणसाला बेशुद्ध समजून वागवणे ही दया नव्हे. तो त्याचा अवमान आहे.

हिशेबाविषयी पौल अत्यंत सावध होता. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू त्याने पाठवले, कारण व्यवहार केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही निर्मळ दिसावा. आज देणगीदाराला अहवाल जातो, परदेशी देणग्यांचा तपशील कायद्याप्रमाणे शासनाला जातो, आणि ते योग्यच आहे. पण ‘माणसे’ म्हणजे एवढीच काय? ज्या मातेच्या नावाने पैसा मागितला, ती या हिशेबात केवळ एक आकडा असते.

म्हणून, वाचकहो, आपली संस्था झारखंडात असो, ओडिशात असो की मराठवाड्यात, एवढे तरी आपल्या हाती आहे. दरवर्षीचा जमाखर्च त्या गावात, त्या गावाच्या बोलीत, मोठ्याने वाचून दाखवावा आणि प्रश्न विचारू द्यावेत. काही प्रश्न अवघड असतील. त्यांची उत्तरे देणे हाही सेवेचाच भाग आहे. अनुदानाची मुदत एके दिवशी संपतेच. त्या दिवशी गावाच्या हाती काय उरले, यावरून आपले दान ओळखले जाईल.